आरच्या टेम्प फाइलींवर अँटिव्हायरस ओरडतो तेव्हा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे पीएचडीची मुलं आकडेवारीचं काम घेऊन येतात. ते आम्ही आर नावाच्या आकडेवारीच्या प्रोग्रॅममध्ये करतो. गुळाचे भाव, उसाचा उतारा, पुरानंतरची घरोघरची पाहणी. त्यातलं कुणीतरी अधूनमधून घाबरून लॅपटॉप पुढे करतं, "सर, व्हायरस आलाय!" आणि बरोबर कुणाचा तरी सल्लाही आणतं: अख्खं टेम्प फोल्डर, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची जागा, अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून वगळून टाका. हे कृपा करून करू नका. खरा व्हायरसही अनेकदा तिथंच येऊन उतरतो.

आर सुरू झालं की टेम्पमध्ये आरटीएमपी आणि पुढे सहा अक्षरं अशा नावाचं फोल्डर तयार होतं. उतरवलेली पॅकेजं, म्हणजे आरला जोडायचे जादा भाग, तिथंच येतात. नीट बंद केलं तर ते पुसलं जातं, प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर तसंच राहतं. अनोळखी फाइली टेम्पमध्ये अचानक उगवल्या की स्कॅनरला संशय येणारच.

आधी विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीत फाइलीचा पूर्ण पत्ता वाचा. तो आरटीएमपीच्या फोल्डरातला नसेल तर फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसने अडकवून ठेवली आहे तिथंच, राहू द्या. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आर टाकलं असेल तर काढा आणि क्रॅनवरून, म्हणजे आरच्या अधिकृत संकेतस्थळावरून, नवं घ्या.

मग आर आणि ते ज्यात चालवतो तो आर-स्टुडिओ पूर्ण बंद करून जुनी आरटीएमपी फोल्डरं पुसा. चालू असताना पुसलंत तर आलेख निघत नाहीत, फाइल उघडत नाही म्हणून चुका येत राहतात.

आता आरला स्वतःचं टेम्प द्यायचं, म्हणजे वगळायची वेळ आलीच तर तेवढंच वगळता येईल. इथं माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. चालू सत्रात सिस-सेटएन्व्हची आज्ञा देऊन मी टीएमपीडीआयआर, म्हणजे टेम्पची जागा सांगणारं सेटिंग, बदलत बसलो, पत्ता हलेना. हलणारच नव्हता, कारण आर ही जागा सुरू होतानाच ठरवतं. म्हणून ती आर सुरू होताना वाचतं त्या आरएन्व्हायरन नावाच्या सेटिंगच्या फाइलीत लिहायची. ही फाइल नोटपॅडमध्ये बनवू नका, तो गुपचूप मागे टीएक्सटी चिकटवतो आणि आर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आरमधूनच फाइल-एडिट या आज्ञेने उघडा. त्यात एकच ओळ: टीएमपीडीआयआर, बरोबरचं चिन्ह, फोल्डरचा पत्ता. पत्ता रोमन अक्षरांत, स्पेस न देता, आणि तिरक्या रेघा पुढे झुकलेल्या. फोल्डर आधी हाताने बनवून ठेवा. ते नसेल तर आर काही न बोलता जुन्याच टेम्पवर जातं, आणि माझी दुसरी चूक हीच होती. आर बंद करून पुन्हा उघडा, टेम्पडीर ही आज्ञा देऊन पत्ता विचारा. नवा पत्ता दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतरही इशारे येत राहिले तर वगळायचं ते एवढंच फोल्डर, तेही पॅकेज बसेपर्यंत. काम झालं की वगळणं काढा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर हे स्वतः करू नका, तिथल्या सिस्टिमवाल्यांना पत्ता दाखवा.

संशय उरलाच तर फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे फाइली तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर, चढवण्याआधी थांबा. तिथं चढवलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकतात. टेम्पमध्ये तुमच्या पाहणीतल्या लोकांची नावं, उत्पन्न, आजार असू शकतात. पूरग्रस्त बायकांनी विश्वासानं सांगितलेली माहिती अशी बाहेर जाता कामा नये. कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल या आज्ञेने फाइलीचा एसएचए-२५६, म्हणजे बोटाच्या ठशासारखा ओळख-कोड, काढा आणि तेवढाच व्हायरसटोटलवर शोधा.