आर्न्हेम लँडमध्ये गावाचं दुकान बांधायचं असेल तर

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत सिव्हिल किंवा आर्किटेक्चरच्या नोकरीसाठी येणाऱ्यांपुढे कधीतरी आर्न्हेम लँडसारख्या भागातल्या दुर्गम ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांमधल्या सामुदायिक दुकानाचं काम येतं. जरूर घ्या. मी डार्विनमध्ये राहून हेच करतो आणि यापेक्षा समाधानाचं बांधकाम मला माहीत नाही. वस्तीत बहुधा हे एकच दुकान असतं. ते बंद पडलं तर भाजी, पीठ, बाळाचं दूध आणायला दुसरी जागा नसते.

कागदपत्रांना वेळ लागतो, तो वेळापत्रकात धराच. जमीन 1976 च्या जमीनहक्क कायद्याखाली ॲबोरिजिनल लोकांच्या मालकीची आहे. भाडेपट्टा लँड कौन्सिलमार्फत (या मालकांच्या वतीने जमिनीचं काम पाहणारी कायदेशीर संस्था) आणि पारंपरिक मालकांच्या संमतीनेच मिळतो. पवित्र स्थळांबाबतचं प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं. गावात मृत्यू झाला तर काम थांबतं. कंत्राटात तेवढी सवड ठेवली नसेल तर ती चूक नियोजनाची, गावाची नव्हे.

पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. कच्चे रस्ते बंद होतात. गालिविन्कू ही वस्ती तर एल्को बेटावर आहे, तिथे सिमेंटपासून सफरचंदापर्यंत सगळं बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, येतं. फेब्रुवारी 2015 मध्ये लॅम चक्रीवादळाने तिथली कितीतरी घरं निकामी केली. म्हणून छताचे स्क्रू, रोलर शटर, अँकर बोल्ट यांत तडजोड नाही. कोरड्या महिन्यांत छत चढलं पाहिजे.

मी आराखडा कोल्डरूमपासून, म्हणजे माल थंड ठेवायच्या खोलीपासून, सुरू करतो. पुढची बार्ज चुकली तरी पुरेल एवढा साठा तिथे मावला पाहिजे. किनाऱ्यावर खारी हवा कंडेन्सरच्या (शीतयंत्राची उष्णता बाहेर टाकणारा भाग) ॲल्युमिनियम पापुद्र्यांना खाते. ते हात लावला तरी चुरगळतात आणि मग थंडावा कमी पडतो. लेप दिलेली कॉइल घ्या, युनिट समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला, उंच चौथऱ्यावर ठेवा. भोवती माणूस पाना घेऊन गुडघ्यावर बसेल एवढी जागा सोडा. एका मोठ्या युनिटऐवजी दोन लहान, एकाच कंपनीची: एक बंद पडलं तरी मेकॅनिकचं छोटं विमान येईपर्यंत दुसरं माल सांभाळतं. आपोआप सुरू होणारा जनरेटर हवाच.

माणसांचा भाग मात्र पुस्तकात सापडत नाही. एका बैठकीत दुकानाच्या संचालक मंडळातल्या वयस्कर बाईंनी नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, ''मी इथे मधोमध उभी आहे आणि जावई आत आला, तर मी कुठून जाऊ?'' इथल्या योल्ङू या ॲबोरिजिनल समाजात सासू-जावई एकमेकांसमोर येणं टाळतात. तो आमचा आराखडा अरुंद, एकमार्गी होता. मग मालाच्या मांडण्यांच्या रांगांमध्ये दोन ठिकाणी आडवी वाट काढली, दुसरं दार दिलं आणि पुढची भिंत काचेची केली, म्हणजे ओसरीवर सावलीत बसूनच आत कोण आहे ते दिसतं. ती ओसरी खर्च वाचवायला कुणीही कापू पाहील. कापू देऊ नका, पगाराच्या दिवशी अर्धं गाव तिथे बसतं.

शीतपेयांचे फ्रिज कुठे ठेवायचे, हाही आपल्या हातातला निर्णय. आर्न्हेम लँड प्रोग्रेस ही ॲबोरिजिनल मालकीची संस्था 1972 पासून दुकानं चालवते. तिच्यासोबत झालेल्या 20 दुकानांच्या अभ्यासात गोड पेयं, मिठाई यांची जाहिरात आणि रांगेच्या टोकाची मांडणी काढली, मोठ्या बाटल्या फ्रिजमधून हटवल्या. खरेदीतली साखर 2.8 टक्के कमी झाली आणि दुकानाच्या कमाईवर वाईट परिणाम झाला नाही. पाणी दाराजवळ, कोला मागे, एवढं तरी नकाशात पहिल्यापासून काढून ठेवा.

सुपूर्द करताना कोल्डरूमच्या दाराची रबर पट्टी, फ्यूज, पंख्याची मोटर यांचे जादा नग दुकानातच ठेवा, आणि गावातल्याच दोघांना ते बदलून दाखवायला सांगा. त्यांनी स्वतः बदलले की मगच सही करा.