सिम सगळ्यात शेवटी: स्मार्टफोन सोडून साध्या फोनवर येताना

मी मुद्रितशोधन करते. दिवसभर मजकुरावर नजर रोवून बसायचं काम, आणि हाताशी स्मार्टफोन असला की ती नजर टिकत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी बटणांच्या फोनवर आले. तुमच्याही मनात तसं असेल तर पहिलं सांगणं हे, की नवा फोन आणल्या आणल्या सिम काढून त्यात घालू नका. बँक, ईमेल, ऑफिस या सगळ्यांच्या किल्ल्या स्मार्टफोनमध्ये अडकलेल्या असतात. त्या आधी सोडवून घ्यायच्या, मग सिम हलवायचं. बरेच जण उलट्या क्रमाने जातात, चार दिवसांत कुठेतरी अडतं आणि 'आपल्याला नाही जमायचं' म्हणून परत फिरतात.

सुरुवात कागदावर करा. आठवडाभर फोन ज्या ज्या कामासाठी हातात घ्याल ते लिहीत जा. नुसतं 'व्हॉट्सॲप' लिहू नका. 'ताईशी बोलणं', 'मुलाच्या वर्गाच्या सूचना', 'ऑफिसच्या पाळ्या' असं फोडून लिहा, कारण यातल्या प्रत्येकाची सोय वेगळी लावावी लागते. ताईला फोन करता येतो, वर्गाच्या सूचना ईमेलवर मागता येतात, पाळ्यांचं वेळापत्रक एसेमेसवर मिळू शकतं. गजराला घड्याळ आणा. पत्ता निघण्यापूर्वी संगणकावर बघून वळणं चिठ्ठीवर उतरवून घ्या. या गोष्टी सोप्या आहेत, त्यांची धास्ती घेऊ नका.

खरी मेहनत आहे ती ओळख पटवणाऱ्या कोडची. एसेमेसवर येणारा ओटीपी साध्या फोनवरही येतो, तो प्रश्न नाही. प्रश्न ऑथेंटिकेटर ॲपचा, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डशिवाय लागणारा कोड दाखवणाऱ्या ॲपचा. त्यातला सहा अंकी कोड बाहेरून येत नाही. फोनमध्ये साठवलेली एक गुप्त संख्या आणि घड्याळातली वेळ यांवरून तो फोनमध्येच तयार होतो आणि बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतो. म्हणून सिम काढलेला, इंटरनेट नसलेला फोनही हा कोड देत राहतो. घड्याळ मात्र बरोबर हवं. पण तोच फोन रीसेट केला की ती गुप्त संख्याही पुसली जाते. तेव्हा एकेका खात्यात जाऊन बॅकअप कोड, म्हणजे ॲप नसतानाही लॉगिन करू देणारे राखीव कोड, काढा, छापा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. ईमेलपासून सुरू करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. बँकेचं ॲप बरेचदा सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतं. त्यामुळे सिम हलवण्यापूर्वीच बँकेच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघा आणि एक छोटा व्यवहार पुरा करा. आयफोन वापरत असाल तर आयमेसेज, म्हणजे आयफोनांमधली इंटरनेटवरून निरोप पाठवायची सोय, बंद करायला विसरू नका, नाहीतर आयफोनवाल्यांचे निरोप तिकडेच जात राहतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

व्हॉट्सॲप संगणकावर जोडून ठेवता येतं, पण मूळ फोन १४ दिवसांत एकदा तरी वापरला नाही तर ती जोडणी तुटते. सिम त्याच फोनमध्ये असलं पाहिजे, अशी अट घालण्याच्या हालचालीही काही ठिकाणी आहेत. तुमच्याकडे काय नियम आहे तो आधी बघा. माझं मत विचाराल तर प्रत्येक माणसाला वेगळा निरोप पाठवा: 'अमुक तारखेपासून मला फोन किंवा एसेमेस कर.' ग्रुपवर टाकलेली सूचना कोणी वाचत नाही.

आता फोन निवडायचा. नुसता साधेपणा पुरत नाही, तो तुमच्या नेटवर्कवर चालला पाहिजे. जपानमध्ये टूजी २०१२ सालीच संपलं, ऑस्ट्रेलियात थ्रीजी २०२४ साली बंद झालं. २०१७ साली नोकिया ३३१० नव्या रूपात आला, तो सुरुवातीला फक्त टूजीवर चालणारा होता, म्हणजे टूजी बंद झालेल्या देशांत त्याचा उपयोगच नव्हता. म्हणून फोरजी फोनच घ्या आणि तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर त्या मॉडेलला व्होएलटीई मिळतं का, म्हणजे कॉलही फोरजीवरून लागतो का, हे विचारूनच घ्या. सिम ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं असेल तर आधी साधं प्लास्टिकचं मागून घ्या.

साठवलेली नावं आणि नंबर नव्या फोनवर हलवताना मराठी माणसाला एक खास अडचण येते. स्मार्टफोन सगळी नावं एका व्हीसीएफ फाइलमध्ये देतो. त्या फाइलच्या जुन्या पद्धतीत देवनागरी अक्षर जसंच्या तसं लिहिलेलं नसतं, त्याचं सांकेतिक रूप असतं. साध्या फोनला ते उलगडलं नाही तर 'मावशी'च्या जागी '=' अशा चिन्हांची, रोमन अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसते. आधी दोनच नावं पाठवून बघा. माळ दिसली तर संगणकावर नावं रोमन लिपीत करून फाइल पुन्हा पाठवा. सिमवर नावं साठवू नका, तिथे जागा थोडी असते आणि लांब नावं तुटतात. आणि जवळच्या माणसांचे नंबर वहीत हाताने लिहाच.

मराठीत एसेमेस करणार असाल तर हिशेब ठाऊक हवा. रोमन लिपीत एका एसेमेसात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'की' म्हणजे दोन, 'क्षि' म्हणजे चार. सत्तरच्या पुढे गेलात की निरोपाचे तुकडे होतात आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागू शकतात. मला ही मर्यादा मनापासून आवडते. 'सहाला पोचते. जेवून येईन.' यात सगळं आलं.

सिम हलवल्यावर जुना फोन लगेच विकू नका. निदान दोन-तीन महिने, वर्षातून एकदोनदाच लागणारं एखादं खातं समोर येईपर्यंत, तो घरात राहू द्या. बॅटरी निम्मी भरून बंद करून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. पूर्ण रिकामी ठेवली तर ती खराब होते. रीसेट करायची वेळ आली की छापलेल्या बॅकअप कोडपैकी एखादा वापरून लॉगिन होतंय ना, हे एकदा बघा आणि मगच पुसा.