नाकतोडा ओळखायचाय? हे फोटो काढा

वरून काढलेल्या एकाच फोटोवरून नाकतोड्याची जात सहसा ठरत नाही. रंगावर तर भरवसा ठेवूच नका, एकाच जातीत हिरवेही असतात आणि तपकिरीही.

किडा पारदर्शक काचेच्या बरणीत घ्या, मागे मिलिमीटरची पट्टी धरा आणि हे टिपा:

१. पूर्ण बाजू, मिशांसकट. मिशा शरीराहून लांब असतील तर तो वेगळ्या गटातला, लांब मिशांचा.
२. डोक्यामागचं ‘खोगीर’ वरून. त्यावरच्या रेघा, खाचा, मधला कंगोरा स्पष्ट हवा. भातावरच्या एका हिरव्या नाकतोड्याच्या खोगिरावर काळ्या आडव्या रेघा दिसतात.
३. बरणीच्या तळातून छाती. पुढच्या पायांमध्ये छोटी खुंटी आहे का? हा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि बरेच गट तिथेच गळतात.
४. मागच्या मांडीची आतली बाजू आणि नडगीचा रंग.
५. पोटाचं टोक, अगदी जवळून. नराची जात पुष्कळदा इथेच पक्की होते.

बाहेर काढताना एकच मागचा पाय धरू नका, तो तुटून हातात येतो. आणि पंखांच्या जागी आखूड कळ्या असतील तर ते बहुधा पिल्लू आहे. तिथे जातीऐवजी गटावर थांबा.