बॉम्ब ओळखायचाय? आधी कोयना वाचा

पाटण-कराडच्या पोरांना भूकंपाची नवलाई नसते. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट घरातल्या थोरांकडून ऐकतच आम्ही वाढलो. बी.एस्सी. फिजिक्सनंतर मी भूभौतिकीकडे वळलो तो मात्र अणुस्फोट ओळखण्याच्या ओढीनं. त्याच ओढीनं येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, सुरुवात कोयनेपासून करा.

जमिनीखालचा स्फोट खडकाला चहूकडून बाहेर ढकलतो. म्हणून सगळ्यात आधी पोचणाऱ्या पी तरंगाचा पहिला धक्का सगळ्या भूकंपमापन केंद्रांवर वरच्या दिशेनं यायला हवा. भूकंपात खडक भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या भेगेवर, घसरतो. कुठं पहिला धक्का वर, कुठं खाली, आणि मागून येणारा एस तरंग दणकट. स्फोटात एस आणि पृष्ठतरंग त्या मानानं दुबळे. पुस्तकात हे चार ओळींत उरकतं. नोंदीतल्या गोंगाटात मात्र पहिला धक्का वर की खाली, यावरच दुपार जाते.

दुसरी खूण खोलीची. दहा किलोमीटरच्या खाली घडलेली घटना म्हणजे भूकंपच; बॉम्ब पुरायला इतकं खोल कुणी जात नाही. पण कोयना-वारणेचे बहुतेक भूकंप मुळातच उथळ, दहा किलोमीटरच्या आतले! त्यामुळे इथं खोलीवर भागत नाही, पी आणि एसचं गुणोत्तर काढावंच लागतं. शिवाय खाणींतले सुरुंग आहेतच सरावाला. ठरावीक भागातल्या बारीक नोंदी फक्त दिवसाउजेडीच्या असल्या की संशय घ्यायचा.

हात बसला की उत्तर कोरियाच्या ३ सप्टेंबर २०१७ च्या अणुचाचणीची नोंद उघडा. तीव्रता सहाच्या वर. साधारण साडेआठ मिनिटांनी तिथंच आणखी एक लहान हादरा आहे, तो जमीन आत कोसळल्याचा. दोन्ही एकाखाली एक लावून बघा. त्यासाठी पायथनमधलं ऑब्सपाय, म्हणजे भूकंपनोंदी हाताळायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, बऱ्याच केंद्रांच्या नोंदीही. फूरिए, म्हणजे तरंग वेगवेगळ्या वारंवारतांत फोडायचं गणित, मात्र पक्का हवा, तिथं सवलत नाही.

शिक्षणासाठी धनबाद, खरगपूर, रुरकी. संशोधनाला हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), आणि आपल्या कराडजवळ हजारमाचीची बोअरहोल प्रयोगशाळा. सीटीबीटीवर, म्हणजे अणुचाचण्यांवर सरसकट बंदी घालणाऱ्या करारावर, भारताची सही नाही, पण कर्नाटकात गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापकांची रांग १९६० च्या दशकापासून कान लावून आहे. स्फोट ओळखण्याच्या कामाच्या जागा थोड्याच. तेल-वायूच्या शोधात हीच विद्या चालते, पगारही बरा. घरी परवानगी मागताना बॉम्बचं नाव काढू नका. ओएनजीसी म्हणा, होकार लवकर मिळतो.