काचेचं छत गळतंय? सिलिकॉनची गन आधी खाली ठेवा

नाशिकच्या गंगापूर रोडला एका बंगल्याच्या गच्चीवर झोपाळ्यासाठी काचेची खोली केली होती. दोन पावसाळ्यांत तीनदा सिलिकॉन मारून झालं, तरी झोपाळ्यासमोर बादली होतीच. काकू म्हणाल्या, "या वेळी जरा चांगल्यातलं सिलिकॉन सांगा." मी राफ्टरच्या, म्हणजे काच पेलणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तिरक्या दांडीच्या, दोन्ही टोकांना लाइनदोरी ताणून धरली. मधोमध राफ्टर दोरीच्या २५ मिमी खाली गेलेला. मुळात १२ फुटांत उतार दिला होता दोन इंच. त्यात इंचभर पोट सुटल्यावर खालच्या टोकाकडे उतार उरतच नाही, उलट चढ होतो. पाणी थांबणार आणि जोडातून वाट काढणारच. निदान ५ अंशांचा उतार धरा. १२ फुटांना तो साधारण एक फूट होतो.

पोट का सुटलं? लोखंडाचा अंदाज ॲल्युमिनियमला लावला म्हणून. ॲल्युमिनियमचा ताठरपणा लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. तोच सेक्शन, म्हणजे त्याच मापाची आणि जाडीची दांडी, तेवढ्याच वजनाखाली तिप्पट वाकतो. शिवाय लांबीचा हिशोब सरळ नसतो. ८ फुटांचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) १० केला, तर त्याच सेक्शनचा वाक जवळजवळ अडीचपट होतो. यावर "गेज (जाडी) वाढवा" हा ठरलेला सल्ला मिळतो, आणि तो पैसे वाया घालवणारा आहे. ५०×५० ची ३ मिमी जाडीची ट्यूब ६ मिमीची केली तरी ताठरपणा दुप्पटसुद्धा होत नाही. ३ मिमीच ठेवून ५०×१०० उभी लावा, पाचपटीहून जास्त होतो. धातूही कमी लागतो.

दुसरी चूक उन्हाळ्यात दिसत नाही, वळवात दिसते. काच जड आहे, ती कशी उडेल, असं सगळ्यांनाच वाटतं. ६+६ मिमीची लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये फिल्म घालून चिकटवलेल्या दोन काचा, चौरस मीटरला ३० किलो. आता वारा बघा. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या भाग ३ मध्ये नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. उंची, आजूबाजूच्या इमारती, छताचा आकार यांनी तो कमी-जास्त होईल, पण छताला वर ओढणारी ताकद काचेच्या वजनाला भारी पडू शकते. मग खांबाची बेसप्लेट पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) विटांत ठोकून काय उपयोग? अँकर स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच जायला हवेत, आणि भोक पाडताना फुटलेलं कोब्याचं वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी दुरुस्त व्हायला हवं. नाहीतर पुढची गळती खालच्या बेडरूममध्ये.

डोक्यावर नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच नको. फुटली की सगळे खडे एकदम अंगावर येतात. लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या फिल्मला धरून राहते. गारपीट आपल्याला काही नवीन नाही, द्राक्षवाल्यांना विचारा.

काच फ्रेममध्ये घट्ट बसवणं ही चूक चांगले कारागीरही करतात. ४ मीटरचा ॲल्युमिनियम राफ्टर तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने ३.७ मिमी वाढतो, तेवढीच लांब काच दीड मिमीच्या आत. काचेखाली निओप्रीनचे ठोकळे ठेवा, कडेला फट सोडा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लॅमिनेटेडच्या कडेला लावू नका, फिल्म पांढरी पडते. न्यूट्रल क्युअर, म्हणजे आम्ल न सोडणारं सिलिकॉन मागा. लोखंड आणि ॲल्युमिनियम टेकतात तिथे मध्ये रबर किंवा नायलॉन हवंच.

गळती शोधायची तर पाइपने पाणी खालून वर मारत जा. एका जोडावर पाच मिनिटं थांबा, मग पुढचा. वरून सुरुवात केली तर कुठून आलं ते कधीच कळत नाही.

काकूंकडे शेवटी मधोमध लोखंडी बीम टाकला आणि भिंतीकडची बाजू वर घेतली. एका कोपऱ्यात छज्जा आडवा आला, तिथे पूर्ण उतार मिळालाच नाही; एवढ्या भागापुरती काच काढून पत्रा घातला.