चूर्णाच्या डबीआधी भूक ओळखा

खानावळीतली मुलं "काकू, पोट फुगलंय, काहीतरी चूर्ण द्या" म्हणत येतात, तेव्हा मी उलट विचारते, "आधीचं जेवण जिरलंय का?" आयुर्वेदात पोटाचा सगळा विचार अग्नीभोवती फिरतो. अग्नी म्हणजे खाल्लेलं पचवायची ताकद. ती मंदावलेली असताना वरून जेवणही लोटायचं आणि चूर्णही फाकायचं, याने काही साधत नाही. माझे सासरे वैद्य होते. सांगलीतल्या त्यांच्या दवाखान्यातली बरीचशी औषधं आमच्या स्वयंपाकघरातच कुटली जायची. त्यांच्याकडून शिकलेलं आणि रोज पानात वाढून पारखलेलं तेवढंच सांगते.

जेवण जिरलं हे कसं ओळखायचं? ढेकर बघा. मघाच्या भाजीचा वास किंवा आंबट पाणी वर येत असेल तर अजून पचन चालू आहे. ढेकर स्वच्छ, अंग हलकं, पोट साफ, वारा सरलेला आणि तहान-भूक दोन्ही लागलेली, म्हणजे जेवायला बसा. एक वाजला म्हणून लागलेली भूक आणि खरी भूक यात फरक असतो. समोर नुसता वरणभात असला तरी खावासा वाटला, तर ती खरी.

आता तुमचा अग्नी कसा आहे ते ठरवा, कारण औषध त्यावर ठरतं. कधी सपाटून भूक, कधी अजिबात नाही, पोटात गुडगुड आणि वारा धरतो, तो विषम अग्नी, वाताचा. सारखी भूक, उशीर झाला की जळजळ, तोंड येणं, हा तीक्ष्ण, पित्ताचा. चार घासांत पोट जड, जिभेवर पांढरा थर, जेवल्यावर सुस्ती, हा मंद; कफाचा. तिघांना एकच चूर्ण देणं मला मुळीच पटत नाही. जळजळणाऱ्या माणसाला हिंग-मिरी देणं म्हणजे आगीत तेल.

पोट जड असेल तर पहिला उपाय लंघन. एक जेवण सोडा, सुंठ घालून उकळलेलं पाणी कोमट करून घोट-घोट प्या. भूक लागली की आधी तांदळाची पातळ पेज, मग मुगाचं कढण, मग मऊ भात आणि मुगाचं वरण, आणि दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी. ही चढण मोडून थेट मिसळीवर जाऊ नका. एकादशीची साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाणे आणि बटाटा, हे मात्र लंघन नव्हे. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत. लहान मुलं, गरोदर बायका आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये.

ताकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पोटासाठी ताकासारखं दुसरं काही नाही आणि आजकाल ताक म्हणून जे पितात ते बहुतेक वेळा ताक नसतंच. दह्यात भरपूर पाणी ओतून मिक्सरवर फिरवलं की ते पातळ दही होतं. शास्त्रात तक्र म्हणजे दह्याला चौथाई पाणी घालून घुसळलेलं आणि लोणी काढलेलं. दूध बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की रात्री विरजण लावा. सकाळी दही घट्ट लागलेलं पण आंबट न झालेलं हवं. चार वाट्या दह्याला एक वाटी पाणी घाला. थंडी-पावसात पाणी कोमट, उन्हाळ्यात माठातलं. रवीने घुसळा. आधी फेस येतो, मग रवीला बारीक कण चिकटायला लागतात आणि आवाज बदलतो. तिथे हात थांबवा, लोणी गोळा करून काढा. खाली राहिलं ते ताक.

वाताच्या माणसाने त्यात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. कफाच्या माणसाने सुंठ, मिरी, पिंपळीची चिमूट. पित्ताच्या माणसाने अगदी ताजं, गोडसर ताक थोडी खडीसाखर घालून. वेळ दुपारच्या जेवणाची, रात्री नको. सर्दी-खोकला असेल तर कच्च्या ताकाऐवजी कढी करा. नाकातून वगैरे रक्त पडण्याची सवय असेल किंवा कडक उन्हाने जीव घाबरा झाला असेल तेव्हा ताक टाळा.

वारा धरत असेल तर हिंग्वाष्टक. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं आणि सैंधव सारख्या वजनाने घ्या. हिंग त्याहून बराच कमी, पण खड्याचा आणि तुपावर फुलवलेला. डबीतल्या पुडीत मैदा किंवा डिंक मिसळलेला असतो. घेण्याची पद्धतच खरी महत्त्वाची: पाव चमचा चूर्ण, गरम भात आणि साजूक तूप कालवून जेवणाचा पहिला घास. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर गिळून ती मजा नाही. रक्तदाबवाल्यांनी त्यातल्या मिठाचा विचार करावा.

पावसाळ्यात अग्नी मुळातच मंद असतो, म्हणून श्रावण येईपर्यंत मी वाल-चवळी कमी करून मुगावर भर देते, पिण्याचं पाणी उकळते आणि पानात आल्याचा तुकडा मिठासकट आधी वाढते. पोटाचे चार भाग धरा: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा. जेवल्यावर शतपावली करा, मग डाव्या कुशीवर थोडं पडा. दुपारची गाढ झोप नको.

शौच काळी होणं, उलटीत रक्त, कारण नसताना वजन घटणं, घास अडकणं, यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि डॉक्टर. छातीत दुखून घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, तडक दवाखाना गाठा.