दोन-दोन नेट लाइन असून ब्रँच बंद पडतीय? या चुका टाळा

बेळगावात हेड ऑफिस, उद्यमबागला युनिट, निपाणीत गोडाऊन आणि पलीकडं चंदगडला एक छोटी ब्रँच, असा पसारा असणारे आपल्या भागात बरेच आहेत. बहुतेकांनी प्रत्येक ठिकाणी फायबर आणि त्याच्या जोडीला ४जी किंवा दुसरी लाइन घेतलेली असते. तरी हायवेच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की बिलिंग बंद, ई-वे बिल बंद, आणि कोणतरी जाऊन हातानं वायर बदलतंय. असं होतं कारण पहिली लाइन मेलीय हे राउटरला कळतच नाही.

बघा की, राउटरमध्ये दोन डिफॉल्ट रूट (बाहेरच्या नेटकडं जायच्या वाटा) टाकतात, मेनला डिस्टन्स (पसंतीचा आकडा, कमी तो आधी) १, बॅकअपला २, आणि काम झालं म्हणून सोडून देतात. कमी डिस्टन्सचा रूट जोवर चालू दिसतो तोवर राउटर दुसऱ्याकडं बघत पण नाही. फायबर तुटली लांब काकतीजवळ, पण ऑफिसातला ओएनटी (फायबर जिथं येऊन लागते तो डबा) चालूच आहे, त्याची लॅन केबल राउटरला जोडलेलीच आहे, म्हणजे पोर्ट अप, रूट चालू, आणि सगळा ट्रॅफिक ओएनटीपर्यंत जाऊन मरतोय. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं होणारं लाइनचं लॉगिन) राउटरवरून डायल होत असेल तर निदान सेशन तुटल्यावर रूट जातो, पण ओएनटीच डायल करत असेल तर तेही नाही. मग कोणतरी गेटवेला (राउटरच्या पुढचा पहिला डबा) पिंग लावतो, म्हणजे 'आहेस का' असं सतत विचारायला लावतो, तर तो गेटवे म्हणजे तोच टेबलावरचा ओएनटी, तो उत्तर देणारच!

म्हणून पिंग बाहेरच्या पत्त्याला लावा, आणि एकाला नको, दोघांना, समजा ८.८.४.४ आणि ९.९.९.९, दोन्ही गेले तरच लाइन गेली धरायची. इथं एक गोष्ट हमखास राहते. हे दोन पत्ते फक्त मेन लाइनमधूनच जातील असा वेगळा रूट टाकावा लागतो, नाहीतर बॅकअप चालू झाला की पिंग बॅकअपमधूनच यशस्वी होतो, राउटरला वाटतं मेन आली, तो परत जातो, परत पडतो, आणि दिवसभर हाच खेळ. आणि चेकिंगला वापरलेले पत्ते डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) देऊ नका, कारण मेन पडली की ते पत्ते पण मेनसोबत जातात. डीएनएसला १.१.१.१ आणि ८.८.८.८ ठेवा. मेन लाइनवाल्याचा स्वतःचा डीएनएस तर नकोच, बऱ्याचदा तो दुसऱ्या नेटवर्कवरून उत्तर देत नाही आणि मग नेट आहे पण काहीच उघडत नाही अशी तक्रार येते. मेन परत आली तरी लगेच उडी मारू नका, दोन-तीन मिनिटं सलग पिंग आले की मगच परत.

आता ब्रँचचं. निपाणी बॅकअपवर गेली, पण हेड ऑफिसला ते कुणी सांगितलं? तिथं निपाणीचा रूट जुन्या टनेलवरच (नेटवरून ब्रँच आणि हेड ऑफिस जोडणारी खाजगी वाट) हातानं लिहून ठेवलेला, त्यामुळं जाणारं जातंय आणि येणारं हरवतंय. दोन्ही लाइनच्या टनेलवर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना चालू वाटा सांगतात ती पद्धत) चालवा, मेनला कॉस्ट १०, बॅकअपला १०० (कमी कॉस्टची वाट आधी), दोन्ही बाजू आपोआप बदलतात, डिफॉल्ट टायमरवर साधारण ४० सेकंद लागतात. सिमवर पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळेल असं धरू नका, राउटरला १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मधला आयपी दिसला तर तुम्ही कंपनीच्या नॅटमागं (अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी) आहात, बाहेरून आत येता येणार नाही. टनेल नेहमी ब्रँचकडून हेड ऑफिसकडं उचला, वायरगार्ड (टनेलचा एक प्रकार) असेल तर कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवायला ठरावीक वेळानं जाणारा छोटा संदेश) २५ सेकंद ठेवा.

आणि कृपा करून सगळ्या ब्रँचना १९२.१६८.१.० देऊ नका. ओएनटीचा पत्ता पण बऱ्याचदा त्यातलाच असतो, मग कुठला पत्ता कुठल्या गावचा हे कुणालाच कळत नाही. बेळगावला १०.१०.१.०, निपाणीला १०.१०.२.० असं पहिल्या दिवसापासून करा, नंतर बदलायचं म्हणजे प्रत्येक प्रिंटर आणि कॅमेऱ्याच्या मागं धावणं आलं.

पिंग जातो पण पोर्टल अर्धवट उघडतं, असं झालं तर एमएसएस क्लॅम्प (डेटाचे तुकडे लाइनच्या मापात बसवणारी सेटिंग) बघा, पीपीपीओईला एमटीयू (एका तुकड्याचं कमाल माप, बाइटमध्ये) १४९२ असतो आणि टनेलमध्ये अजून कमी. दोन्ही लाइन एकदम वापरत असाल तर एका कॉम्प्युटरला एकच लाइन बांधा, नाहीतर बँकेची साइट मधेच लॉगआउट करते. सिमवर कॅमेऱ्यांचा अपलोड आणि विंडोज अपडेट बंद ठेवा, दुपारपर्यंत डेटा संपतो.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन एकाच खांबावरून येत असतील तर झाड पडल्यावर दोन्ही जातात, खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात हे होतंच. तिथं दुसरी लाइन सिमचीच घ्या. आणि ओएनटी, राउटर, सिमचा डबा तिन्ही यूपीएसवर हवेत, एक जरी राहिला तरी करंट गेल्यावर उपयोग नाही.

टेस्ट करताना राउटरची वायर उपसू नका, त्यानं पोर्ट डाउन होतो आणि टेस्ट खोटी पास होते. ओएनटीच्या मागची फायबर काढा, पॉवर चालूच ठेवा, मग बिलिंग, फोन आणि हेड ऑफिसचा सर्व्हर तिन्ही बघा, आणि फायबर परत लावल्यावर लॉगमध्ये लाइन एकदाच बदलली का तेही बघा. तारीख मात्र ११ आणि २० सोडून धरा, त्या दिवशी दर महिन्याच्या जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी रिटर्नची शेवटची मुदत असते, अकाउंटवाल्यांना हात लावायचा नाही.